विमानाच्या पट्टीवरचा दुकानदार

मागच्या चैतात माझी बायको गेली. तेरवी झाल्यावर मोठा मुलगा म्हणाला, बाबा, घरात एकटे राहू नका, काही दिवस पुण्याला चला. मी नाही म्हणालो. त्याने विमानाचं तिकीट काढून आणलं. मी तरी नाही म्हणालो. मग सुनेने माझी पिशवी भरली. धोतर तळाशी, बंडी वर, पानाची चंची कडेला. ही पिशवी भरायची रीत ती तिच्या सासूकडूनच शिकली होती. ते पाहून मी पिशवी उचलली.

नागपूरच्या विमानतळावर आत गेलं की नुसतं बसून राहावं लागतं. तिथे एक काचेचं दुकान होतं. आपल्या भागाची आठवण घेऊन जा, असं काहीतरी बाहेर लिहिलेलं. आत बांबूची एक फणी काचेच्या कपाटात ठेवली होती, खालून दिवा लावून. अशा फण्या आमच्या बाजारात गोणपाटावर पडलेल्या असत आणि उवा काढायच्या कामाला येत. सुनेने एक लाकडी बैलगाडी उचलली, वीतभर. "बाबा, ही घेऊ का? आपल्याकडची आठवण." मी पाहिलं तर जू बैलांच्या मानेवर नव्हतं, गळ्याखाली बांधलं होतं. पहिल्याच चढावर दोन्ही बैल फास लागून मेले असते.

विकणारी पोरगी म्हणाली, "सर, हाताने बनवलेली आहे."

मी म्हणालो, "हातानेच बनवली असंल. डोळ्यानं नाही."

मुलाला राग आला. पण मला त्या पोरीचा राग आला नव्हता. मला झनकलाल आठवला होता. असलं दुकान मी फार जुन्या काळी पाहिलेलं आहे, तेही विमानाच्याच जागेवर, आणि ते चालवणारा माझा साळा होता, बायकोचा थोरला भाऊ. तो मला कधी आवडला नाही. बायको जिती असेपर्यंत माझ्या घरात त्याच्याविरुद्ध शब्द चालत नसे. आता ती नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आमच्या गावाच्या शिवेला विमानाची पट्टी होती. लढाईच्या वेळी गोऱ्यांनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सपाट करून ती केली. लढाई संपली, गोरे गेले, तंबू गेले. राहिली लांबलचक पट्टी, वारा दाखवणारी फाटकी पिशवी टांगलेला खांब आणि पत्र्याची एक खोली. पुढे स्वराज्य आल्यावर अधूनमधून सरकारी विमान उतरायचं. त्यातून मोठे साहेब यायचे, त्यांचे पाहुणे यायचे, बाया यायच्या. जीपमध्ये बसून जंगलात वाघ पाहायला नाहीतर मारायला जायचे आणि परत येऊन त्याच पट्टीवरून उडून जायचे. बाकी दिवशी पट्टीवर ढोरं चरत. गवत तिथलं चांगलं होतं.

झनकलाल गोऱ्यांच्या तंबूत भांडी घासायला होता. त्या नोकरीतून त्याने एक खाकी टोपी आणि दोन बूट आणले. बूट वेगवेगळ्या मापाचे होते, म्हणून तो चालताना एका पायाने आपटत चाले आणि लोकांना वाटे की शिपायासारखा चालतो. उंच, वाळका माणूस. हात नेहमी पाठीमागे. विमान यायचं असेल त्या दिवशी सकाळपासून जमिनीवर बसायचा नाही, कपड्याला सुरकुती पडते म्हणून. जेवायचाही उभ्यानेच. जेवून झालं की बहिणीला म्हणायचा, "सादंच होतं." आणि पुन्हा भात वाढून घ्यायचा.

तो राहायचा माझ्याकडे. घरापुढच्या सपरीत त्याची खाट. केशोरीकडे त्याच्या बापाची जमीन होती. माय-बाप मेल्यावर चुलत्यांनी ती वाहायला घेतली आणि याला म्हणाले, तुला नांगर धरता येत नाही, तू जा. ते खोटं बोलले नाहीत. त्याला खरंच नांगर धरता येत नव्हता. तो आला बहिणीकडे चार दिवस राहायला आणि राहिलाच. लग्न कोणी करून देईना. घर नाही, चूल नाही, अशा माणसाला पोरगी कोण देणार?

माझ्या बायकोचं नाव पारबता. ती होती तोवर मी तिला नावाने हाक मारली नाही, आमच्यात तशी रीत नव्हती. आता लिहितो. पारबताला मी कशाला कमी केलं नाही, पण तिला एक गोष्ट नव्हती, आणि ती माझ्या हातची नव्हती. तिला माहेर नव्हतं. दिवाळी झाली की गावातल्या बायका गाठोडं बांधून निघायच्या. कोणाचा भाऊ गाडी जुंपून न्यायला यायचा, कोणाचा बाप. पारबताचा भाऊ तिच्याच सपरीत घोरत पडलेला. शेजारीण विहिरीवर विचारायची, "पारबता, तू नाही जात का वो माहेरी?" दुसरी लगेच म्हणायची, "ते कायले जाते बाई, तिचं माहेर तं सपरीतच झोपून हाये." बायका हसायच्या. पारबता घागर उचलून घरी यायची.

भाऊबीजेचं तर विचारूच नका. माझ्या सपरीत, माझ्या पाटावर, माझ्या घरच्या तेलाचा दिवा लावून ती त्याला ओवाळायची. तोही ताटात लुगडं टाकायचा. ते लुगडं मीच गोंदियाच्या बाजारातून आणून तिच्या पेटीत ठेवलेलं असे. ती पेटीतून काढून हळूच त्याला द्यायची, तो सगळ्यांसमोर तिला द्यायचा, आणि मग दोघं बहीणभाऊ डोळे पुसायचे. मी तेवढा वेळ गोठ्यात जाऊन बसायचो. बैल तरी खरं वागतात.

ओवाळून झालं की झनकलाल दरवर्षी एकच बोलायचा. "पारबता, साहेब लोक खुश झाले का पट्टीवर पक्की दुकान मंजूर होते. मांगं खोली. खोलीत चूल. मंग दिवाळीले तुले न्याले येतो. दोन महिने पाठवत नाही, पाह्य."

मी म्हणायचो, "तीन महिने ठेवा ना."

त्याला टोमणा समजायचा नाही. पारबताला समजायचा.

हे दुकान त्याच्या डोक्यात कसं आलं तेही सांगतो. एका विमानातून उतरलेल्या बाईने त्याला हिंदीत विचारलं, इथली काही वस्तू मिळेल का, घरी न्यायला. याने खिशातली चुन्याची डबी दिली. बाईने ती घेतली, हसली आणि त्याच्या हातावर काहीतरी ठेवलं. त्या दिवसापासून हा माणूस बिघडला. आधीही फार धड नव्हता. पत्र्याच्या खोलीपुढे खोकी मांडून त्याने दुकान केलं. गोंदियाच्या स्टेशनवर फेरीवाले रंगवलेले पोपट विकायचे, ते कुठून यायचे देव जाणे, ते आणून तो इथल्या जंगलातले म्हणून विकायचा. कुंभाराकडचे बिघडलेले दिवे, मोडक्या घंटा, तुटकी कुलपं. प्रत्येक वस्तू सातशे वर्षांची. ओला दिवासुद्धा सातशे वर्षांचा.

घेणाऱ्यांचीही मला कधी कीव आली नाही. शिकलेली, चष्मा लावणारी माणसं. आमच्या गावाकडे पाठ करून उभी राहायची आणि आमच्या गावाची आठवण विकत घ्यायची. गाव तिथून हाकेवर होतं. पाण्याचा तांब्या मागायलाही कधी कोणी आत आलं नाही.

स्टेशनवरचा माल संपला की झनकलालची नजर माझ्या घरावर पडायची. तो म्हणायचा, "जवाई, वस्तू रोज पाहून पाहून तुमची नजर मेली हाये." आणि माझी नजर मेली आहे असं धरून तो वस्तू उचलायचा.

एका वर्षी मळणी झाली. खळ्यावर धानाची रास पडली, मजूर पोती घेऊन बसले. मजुरी धानातच मोजून द्यायची. मी पायली मागितली. लाकडाची, पितळेच्या पट्ट्या मारलेली, माझ्या बापाने करून घेतलेली पायली होती. पारबता जमिनीकडे पाहत राहिली.

"दादानं नेली," ती म्हणाली.

"कायले?"

"साहेबाले दाखवाले."

मी तसाच पट्टीवर गेलो. विमान नुकतंच उडालं होतं, धूळ बसायची होती. झनकलाल हात पाठीमागे बांधून वर पाहत होता.

"जवाई, तुमची पायली दिल्लीले गेली," तो म्हणाला. जशी माझी पोरगी चांगल्या घरी दिली.

"दिल्लीले तिचं काय काम हाये?"

"गोंडराजाचा पानी प्याचा पेला म्हून घेतली बाईनं. फुलं ठेवते म्हने त्याच्यात."

"आन मी मजुरायले धान कायनं मोजू? फुलानं?"

"शेजाऱ्याची आना ना बाप्पा. एवढं काय त्याच्यात."

शेजाऱ्याची पायली लहान आहे असं सगळ्या गावाचं म्हणणं होतं. मी ती आणली तेव्हा मजूर एकमेकांकडे पाहू लागले. प्रत्येक मापावर त्यांनी शीग, म्हणजे काठावरचा ढीग, मागितली आणि मला द्यावी लागली. आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्या दिवशी मी लाभ म्हणालो आणि खळ्यावरचे सगळे हसले. घरी आल्यावर मी पारबताला म्हणालो, तुझ्या भावाला सांग. ती म्हणाली, "एक डाव पक्की दुकान होऊ द्या. मंग तो आपल्या घरची वस्तू कायले नेईन?" तिला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या वेळी तर मी तिथेच उभा होतो. सोनेरी काडीच्या चष्म्याचा एक पाहुणा खोक्यावरची एक वाकडी लोखंडी पट्टी उचलून पाहत होता.

"ये क्या है?"

"साहब, तलवार का टुकड़ा है. सात सौ साल पुराना. हमारे पुरखे मालवा से आए, तब साथ लाए थे."

आमचे पूर्वज माळव्यातून आले एवढं खरं आहे, म्हातारी माणसं तसं सांगत. पण ते लोखंड माझा विळा होता. मूठ मोडली म्हणून मी गोठ्याच्या छपरात खोवून ठेवला होता.

पाहुणा हुशार होता. म्हणाला, "मालवा से आई, तो यहाँ की चीज़ कैसे हुई?"

झनकलाल जरा थांबला. मला बरं वाटलं, म्हटलं आता सापडला. तर तो म्हणाला, "साहब, सात सौ साल में तो आदमी भी यहाँ का हो जाता है."

पाहुणा खूप हसला आणि विळा घेऊन गेला. उत्तर बरं होतं, ते मी कबूल करतो. विळा माझा होता.

मग ती झालरीची गोष्ट झाली.

नवं धान पिकलं की आमच्याकडे बायका पहिल्या लोंब्या कापून आणतात आणि त्यांची झालर विणतात. ती दाराच्या चौकटीवर टांगायची. चिमण्या येतात, दाणे टिपतात. चिमण्यांनी आधी खाल्लं की मग घरात नव्या तांदळाचा भात शिजायचा. पारबताची वीण घट्ट आणि सारखी होती. काड्या भिजवून, फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन ती विणत बसायची.

त्या साली हंगामाच्या तोंडावर झनकलाल धापा टाकत आला. नागपूरहून सगळ्यात मोठे साहेब येणार होते, बरोबर परदेशातले पाहुणे. दुकान मंजूर करायचं याच साहेबाच्या हातात होतं. आणि साहेबाने आधीच निरोप धाडला होता की खरी इथलीच वस्तू दाखवा, स्टेशनवरचे पोपट दाखवले तर दुकान कायमचं बंद. झनकलालच्या तोंडचं पाणी पळालं होतं. इतक्या वर्षांत त्याच्याकडे खरी वस्तू कोणी मागितलीच नव्हती.

तो सपरीत फेऱ्या मारत राहिला आणि मग बहिणीसमोर येऊन उभा राहिला. "पारबता, झालरी विनून दे. पट्टीवर टांगतो."

"दादा, ते इकाची नसते. ते पाखरायची हाये."

"पाखरं दुकान मंजूर करत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आमच्या सगळ्यात चांगल्या बांधीतल्या लोंब्या कापून आणल्या आणि विणायला बसली. मी म्हणालो, "आधी आपल्या दाराची विन."

"आधी दादाचं होऊ द्या," ती म्हणाली. "दुकान झाली का खोली होते. तुमाले नाही समजत."

मला समजत होतं. तो माझ्या सपरीतून जावा असं मलाही वाटत होतं. फक्त आम्हा दोघांची कारणं वेगळी होती. विणता विणता लोंब्या संपल्या आणि आमची चौकट त्या वर्षी उघडीच राहिली. येणारी-जाणारी बाई दाराकडे पाहायची आणि मग पारबताकडे.

झालरी छान झाल्या होत्या. त्या तशाच टांगल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण झनकलालच्या मनात आलं की विमानात दाणे गळतील. साहेबाच्या मांडीवर धान सांडलं तर साहेब काय म्हणेल? गोंदियात लाखेच्या कारखान्यात त्याच्या ओळखीचा एक जण होता. त्याच्याकडून तो स्पिरिटात विरघळवलेल्या चपड्याचा डबा घेऊन आला. टेबल-खुर्चीला लावतात तसा त्याने तो चपडा कुंचल्याने झालरींना लावला, एकावर एक हात. पारबताने पाहिलं तेव्हा सगळ्या झालरी गुळाच्या पाकात बुडवल्यासारख्या चमकत होत्या.

"दादा, याले चिमन्या कश्या खातीन?"

"खात नाहीत तेच तं पायजे. टिकली पायजे वस्तू."

ते लाखेचं पाणी नीट वाळायला वेळ लागतो, हे त्याला त्या ओळखीच्याने सांगितलं होतं. पण विमान एक दिवस आधी आलं.

गाव गोळा झालं. पारबता इतर बायांबरोबर पत्र्याच्या खोलीच्या मागे पदर ओढून उभी होती. विमानाने वर दोन-तीन घिरट्या घातल्या, पट्टीवर ढोरं होती म्हणून. त्यात माझ्याही म्हशी होत्या. पोरांनी दगड मारून ढोरं हाकलली तेव्हा विमान खाली आलं. साहेब उतरले तेच कपाळाला आठ्या घालून. पण खोलीच्या दारावर आणि दोरीवर टांगलेल्या झालरी पाहिल्या आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ये असली है," ते बरोबरच्या उंच गोऱ्या बाईला म्हणाले, आणि मग तिच्या भाषेत काही सांगितलं. बाईने विचारलं असावं, कारण साहेबांनी झनकलालला विचारलं, "चिड़ियों के लिए बनाते हैं ना?"

"जी साहब. पहले चिड़िया खाती है, फिर आदमी."

आयुष्यात पहिल्यांदा तो गिऱ्हाइकाशी खरं बोलला. आणि तेवढ्यात पत्र्याच्या वळचणीतून एक चिमणी खाली आली आणि झालरीवर बसली. बाईने आनंदाने हात जोडले. सगळे गप झाले, चिमणी उडू नये म्हणून.

चिमणी उडालीच नाही. तिने चोच मारली, पाय उचलायला गेली, पाय निघेना. पंख झाडले तर एक पंख चिकटला. झालर थरथरू लागली. चिमणी एवढीशी, पण ओरडत होती. बाईने तोंड फिरवलं. साहेब म्हणाले, "ये चिड़िया पकड़ने का फंदा है क्या?"

झनकलालने टोपी काढून हातात घेतली. सातशे वर्षंही सुचली नाहीत.

मग खोलीमागून पारबता पुढे आली. एवढ्या लोकांसमोर, साहेबासमोर. तिने तेल लावलेल्या आपल्या केसांतून बोटं फिरवली, चिमणीला मुठीत धरलं आणि तेलाच्या बोटांनी एकेक पाय सोडवला. पंखाला वेळ लागला. कोणी हललं नाही. चिमणी सुटली, जमिनीवर पडली, उड्या मारत गवतात गेली. दोन पिसं झालरीवर राहिली. पारबताने सगळ्या झालरी दोरीवरून उतरवल्या, कडेवर घेतल्या आणि गावाकडे चालू लागली. तिच्या लुगड्याला त्या जागोजाग चिकटल्या होत्या.

साहेबांनी काही घेतलं नाही. जीपमध्ये बसताना बरोबरच्या कारकुनाला म्हणाले, दुकानबिकान काही नको. विमान उतरताना ढोरं आडवी येतात, त्याचं पाहा. याच आदमीला ढोरं हाकायला ठेवा आणि ही खोली राहायला द्या. म्हणजे शिक्षा केली का नोकरी दिली, ते मला तेव्हाही कळलं नाही.

झनकलाल सपरीत तोंडावर चादर घेऊन पडला. "मी दुकानदार मानूस. ढोरं हाकलाले गुराखी हाये का मी कोनाचा?" चादरीतूनच बोलायचा. कारकून दोनदा निरोप पाठवून थकला. मला वाटलं, हा आता मरेपर्यंत इथेच. पारबता त्याचं ताट खाटेजवळ ठेवायची आणि निघून जायची. एक दिवस ताट ठेवलं आणि ती उभीच राहिली. मी बाहेर दोर वळत होतो.

"दादा," ती म्हणाली, "तुले दुकान पायजे होती. मले माहेर पायजे. खोली भेटून राहिली, अन् तू नाही म्हनतं."

"लोक हासतीन, पारबता."

"आता हासत नाहीत का?"

तो उठून बसला. जेवला. सादं होतं असं म्हणाला नाही. हात धुऊन त्याने टोपी घातली, कोपऱ्यातली माझी काठी मला न विचारता घेतली आणि पट्टीकडे गेला.

नोकरी त्याने कशी केली तेही ऐका. सगळ्यात आधी माझीच ढोरं हाकलायचा. "जवाई, ही सरकारी जागा हाये," मला सांगायचा, जसा मी तिथे पहिल्यांदा आलो. माझ्या घरचा भात खाऊन वाढलेला माणूस. माझ्या म्हशी पट्टीवरून पळवताना त्याच्या तोंडावर जो आनंद असायचा, तो मी कधी विसरणार नाही. त्याने खोलीत माती सारवून चूल घातली. खिडकीत दोन-चार तुटकी कुलपं मांडलेली असायचीच, एखादा पाहुणा आला तर म्हणून. विमानं हळूहळू कमी होत गेली.

पुढच्या दिवाळीला तो बहिणीला न्यायला आला. इतकी वर्षं ज्या सपरीत लोळला, त्या सपरीच्या पायरीवर त्याने पाय ठेवला नाही. अंगणात उभा राहिला, हात पाठीमागे, न्यायला आलेल्या भावाने उभं राहावं तसा. मला "या, बसा" म्हणावंच लागलं. मग आला, खाटेच्या कडेवर पाहुण्यासारखा बसला, चहा प्याला. पारबता सकाळपासून गाठोडं बांधून तयार होती. आळीतल्या सगळ्या बायका दारात आल्या. माहेर किती लांब, तर आमच्या खळ्यावरून दिसतं तेवढं. तरी पारबता रडत रडत गेली, केशोरीपर्यंत जायचं असल्यासारखी. मला हसू आवरेना. कोणाला दाखवलं नाही.

ती तिथे बरेच दिवस राहिली. मी हाताने भात शिजवून खात होतो. खळ्यावर गेलो की पट्टीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीतून धूर निघताना दिसायचा आणि मला राग यायचा, कशाचा ते सांगता येत नाही. शेवटी गाडी जुंपून मी आणायला गेलो, ती जावयाचीच रीत आहे. झनकलालने मला पाटावर बसवलं. भात जरा कच्चा होता, वडे जळलेले. तो समोर उकिडवा बसून वाढत होता आणि सारखं म्हणत होता, "घ्या ना जवाई, लाजू नका." पारबता दाराशी बसून पाहत होती. तिचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता, आणि पुढे इतक्या वर्षांत फार वेळा पाहिला असंही नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याला ताप आला. मी तेव्हा सौंदडला सोयऱ्यांकडे होतो. गावच्या लोकांनी गाडीत घालून गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, तिथून तो परत आला नाही. पारबताचं माहेर म्हणजे ती एक दिवाळी. मी त्याला माणूस म्हणून कधी मानलं नाही, आणि आता लिहितानाही मानत नाही. ढोंगी होता, आळशी होता, माझ्या बापाची पायली त्याने दिल्लीला धाडली. पारबता शेवटच्या दुखण्यात माझ्याशी कमी आणि त्याच्याशी जास्त बोलायची, खाटेवर पडल्या पडल्या, छताकडे पाहून.

मला तो अजून डोळ्यांपुढे दिसतो तो पारबताला आणायला गेलो त्याच दिवशीचा, गाडी जुंपून परत निघालो तेव्हाचा. बहीण सासरी निघाली की भाऊ गावाच्या शिवेपर्यंत पोचवायला येतो. त्याला गाव नव्हतं, पट्टी होती. तो गाडीबरोबर पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आला, एका बुटाने आपटत, गाडीच्या मागच्या लाकडाला हात लावून. पट्टी संपली आणि आमच्या बांध्या सुरू झाल्या तिथे तो थांबला. एक पाऊलही पुढे टाकलं नाही. मला हात जोडले. मी मान हलवली आणि बैल हाकले.

बांधीत उतरताना गाडी वळली तेव्हा मी मागे पाहिलं. तो तिथेच उभा होता, आमच्याकडे तोंड करून. त्याच्या मागे पट्टीवर गावची सगळी ढोरं चढली होती, इकडून तिकडे, पत्र्याच्या खोलीपर्यंत. पारबता गाडीतून उठली आणि ओरडली, "दादा, ढोरं." मी म्हणालो, बस खाली, पडशील. तिने पुन्हा हाक मारली. त्याला ऐकू गेलं असावं, लांब नव्हतो आम्ही. तो वळला नाही.